सुहासला, तपासणीबद्दल

चि. सुहास यास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर आपले बोलणे नीट झाले नाही. "मला काही होत नाही, मग कशाला तपासायचे?" असे तू म्हणालास आणि माझाही आवाज चढला. तेव्हा जे धड सांगता आले नाही ते लिहून पाठवत आहे. सिगारेटविषयी या पत्रात अवाक्षरही काढायचे नाही, असे ठरवून बसले आहे.

माझ्या रक्तात अल्फा-१ अँटिट्रिप्सिन हे प्रथिन फार कमी आढळले आणि त्याचा प्रकार 'झेड-झेड' निघाला. म्हणजे या जनुकाच्या माझ्याकडच्या दोन्ही प्रती सदोष आहेत. त्यांतली एक तुझ्याकडे आलेलीच आहे, त्यात शंकेला जागा नाही. दुसरी प्रत तुला बाबांकडून मिळाली; ती कशी होती हे आता तुझे रक्त तपासूनच कळेल. ताई गेल्याच आठवड्यात रक्त देऊन आली. तू तेवढा राहिला आहेस.

लहानपणी तू विचारले होतेस की, जठर मांस पचवते, मग ते स्वतःलाच का पचवत नाही? इतकी वर्षे जीवशास्त्र शिकवले, पण इतका नेमका प्रश्न वर्गात क्वचितच कुणी विचारला असेल, आणि तो माझ्या मुलाने विचारला याचा आनंद मला आजही होतो. प्रथिने कापणारी विकरे शरीर निष्क्रिय रूपात बनवते, हे मी तुला तेव्हा सांगितले होते. स्वादुपिंडातून ट्रिप्सिनोजेन निघते, लहान आतड्यात पोहोचल्यावर दुसरे एक विकर त्याचा छोटासा तुकडा छाटते आणि तेव्हा कुठे ते ट्रिप्सिन होऊन कामाला लागते. हेच स्वादुपिंडात आधीच घडले, तर त्या अवयवाचा दाह होऊन जिवावर बेतू शकते. अशी विकरे केवळ पचनापुरती नसतात. थ्रॉम्बिन रक्त गोठवते, कॅस्पेज बिघडलेल्या पेशीचा शिस्तशीर शेवट करतात, आणि पेशीतली नको असलेली प्रथिने प्रोटिएसोम या प्रथिने कापणाऱ्या यंत्रणेत तुकडे होऊन संपतात. त्यांच्यावर मोडीत काढण्याची खूण कशी लावली जाते, याच्या शोधाला २००४ साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. यातले एकही काम थांबून चालत नाही, आणि यातले एकही विकर मोकाट सुटूनही चालत नाही.

आता फुप्फुसाकडे येते. जंतूंशी लढताना न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी इलॅस्टेज नावाचे विकर सोडतात. वायुकोशांच्या भिंती ज्या इलॅस्टिनच्या धाग्यांमुळे ताणल्या जातात आणि पुन्हा आकसतात, ते धागेही हे विकर कापते, आणि प्रौढपणी तुटलेले धागे पूर्ववत होत नाहीत. यकृतात तयार होऊन रक्तातून फुप्फुसात पोहोचणारे अल्फा-१ अँटिट्रिप्सिन नेमके इथे राखण करते. त्याच्या अंगावर बाहेर आलेले एक वेटोळे असते. इलॅस्टेज ते कापायला जाते, आणि कापताक्षणी उंदराच्या सापळ्यासारखा सारा रेणू उलटून इलॅस्टेजला दुसऱ्या टोकाला फेकतो आणि त्याचा आकारच मोडून टाकतो. त्या वेटोळ्यात ३५८व्या जागी मेथिओनिन हे अमिनो आम्ल असते. धुराने त्याचे ऑक्सिडीकरण झाले की हा रेणू इलॅस्टेजला जवळजवळ रोखू शकत नाही.

पाहा, तो विषय आलाच. टाळणार होते, पण शास्त्रच तिथे घेऊन जाते. धूर या रक्षकाला निकामी करतो आणि त्याच वेळी आणखी न्यूट्रोफिल फुप्फुसात ओढून आणतो. एकच सदोष प्रत असलेला माणूस सिगारेट ओढत नसेल, तर त्याच्या फुप्फुसांना सहसा त्रास होत नाही. ओढत असेल, तर श्वसनमार्गाच्या दीर्घकालीन आजाराचा धोका वाढतो. मी आयुष्यात कधी धूर घेतला नाही, तरी आता एक जिना चढताना मध्ये थांबावे लागते. तू तर अजून पस्तिशीचाही नाहीस.

१९६३ साली स्वीडनमध्ये लॉरेल आणि एरिक्सन रक्तातल्या प्रथिनांचे पट्टे तपासत होते, आणि काही नमुन्यांत अल्फा-१चा पट्टाच दिसेना. त्या माणसांपैकी काहींना तरुणपणीच एम्फिसिमा, म्हणजे वायुकोशांच्या भिंती नष्ट होत जाण्याचा आजार, झालेला होता. तेथून हा आजार कळला. पुढे असेही समजले की झेड प्रकारात ३४२व्या जागचे एकच अमिनो आम्ल बदललेले असते, आणि तेवढ्यानेच हे रेणू यकृताच्या पेशींत एकमेकांत अडकून साखळ्या करतात. फुप्फुस उघडे पडते आणि यकृतावर भार साचतो. मामांची ही तपासणी कधी झाली नाही, त्यामुळे खात्रीने काही म्हणता येणार नाही. पण दारूला कधीही हात न लावलेल्या त्या माणसाच्या यकृतावरून लोक काय काय बोलले, ते आठवले की आजही मला झोप लागत नाही.

पत्राचे व्याख्यान झाले, माफ कर. तू मोठा आहेस, घर सांभाळतोस, मलाही सांभाळतोस. माझ्या औषधांची काळजी करू नकोस. दात्यांच्या रक्तातून वेगळे काढलेले हे प्रथिन शिरेतून देता येते, त्याने फुप्फुसांची झीज मंदावते. झालेली हानी मात्र भरून निघत नाही. म्हणूनच तुझ्यामागे लागले आहे. तुझे अजून काहीच बिघडलेले नसेल.

रक्त द्यायला सर्दी-ताप असताना जाऊ नकोस, कारण दाहात या प्रथिनाची पातळी वाढते आणि कमतरता झाकली जाऊ शकते. नुसते प्रमाण पाहू नका, प्रकारही तपासा, असे डॉक्टरांना स्पष्ट सांग, आणि माझ्या अहवालाची प्रत सोबत ने. ती याच पाकिटात ठेवली आहे. कधी जाणार तेवढे कळव. आणि जाईपर्यंत तरी ती ओढू नकोस.

तुझी,
आई