बॅनरवाल्यांनो, आता जिंप बघाच

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

फोन कुठलाही येऊदे, तुमच्या टेक्नॉलॉजीच्या पानावर त्याला अर्धा रकाना मिळतो. पण १६ मार्च २०२५ ला जिंपचं ३.० व्हर्जन आलं त्याची साधी चौकटही कुठल्या मराठी पेपरात माझ्या तरी बघण्यात आली नाही, म्हणून हे पत्र. जिंप म्हणजे फोटो एडिट करायचं फुकट सॉफ्टवेअर, १९९५ साली अमेरिकेत बर्कले विद्यापीठाच्या दोन विद्यार्थ्यांनी सुरू केलेलं. लिनक्स या फुकट ऑपरेटिंग सिस्टिमचा तो प्रसिद्ध पेंग्विन यातच काढलाय. २.० आलं २००४ मध्ये आणि ३.० यायला २०२५ उजाडलं, म्हणजे २१ वर्षं!

एवढा वेळ का लागला ते ऐकण्यासारखं आहे. स्क्रीनवरची बटणं, मेनू, खिडक्या बनवायला या लोकांनी जीटीके नावाचं स्वतःचं टूलकिट, म्हणजे तयार भागांचा संच, लिहिलं, त्यातल्या जी चा अर्थच जिंप. पुढे ते बाकीच्यांनी उचललं, लिनक्सवरचा अख्खा ग्नोम डेस्कटॉप त्यावर उभा राहिला, २०११ मध्ये जीटीके ३ आलं, २०२० मध्ये ४ पण आलं, आणि जिंप आपलं जीटीके २ वरच. विहीर ज्यानं खणली त्याचीच घागर शेवटी भरली म्हणायची. कारण काम करणारी माणसं मोजकी, बरीचशी आपला वेळ काढून करणारी, आणि त्यांनी आधी आतलं इंजिन बदलायला घेतलं (ते २०१८ च्या २.१० मध्ये मार्गी लागलं) मग बाहेरचा सांगाडा, म्हणजे जीटीके. बाहेरून बघणाऱ्याला वाटणार काहीच चाललं नाहीये.

आता त्याचा आपल्याला काय उपयोग ते सांगतो, मी फ्लेक्स आणि पत्रिकांची डिझाइनं करतो. वाढदिवसाचा बॅनर असतो, खाली शुभेच्छुकांची नावं, प्रत्येक नावाला शॅडो, आणि रात्री अकराला फोन येतो की अमक्याचं नाव काढा, तमक्याचं टाका, आणि त्याचं जरा मोठं पाहिजे. जुन्या जिंपमध्ये शॅडो मारली की टेक्स्टचं चित्र होऊन जायचं, नाव बदलायचं तर शॅडो परत पहिल्यापासून. ३.० मध्ये फिल्टर (शॅडोसारखा इफेक्ट) लेयरवर, म्हणजे चित्राच्या त्या थरावर, जिवंत राहतो, नाव बदललं की शॅडो आपोआप मागे येते, नको असेल तर बंद करा, दुसऱ्या दिवशी फाइल उघडून कमीजास्त करा. एकदम बरेच लेयर सिलेक्ट करून हलवता येतात ते वेगळंच. फोटोशॉपवाले म्हणतील यात नवीन काय, आमच्याकडे कधीपासून आहे. बरोबर आहे, पण त्याचं भाडं दरमहा भरणारे आमच्या लाइनीत किती आणि क्रॅक (चोरीची कॉपी) टाकून बसलेले किती हे सगळ्यांना माहितीये, आणि त्या क्रॅकबरोबर कॉम्प्युटरात काय काय येतं तेही.

सगळं गोड आहे असं नाही. फाइल अजून आरजीबीमध्येच (स्क्रीनच्या तीन रंगांत) बनते, सीएमवायकेचा (छपाईच्या चार रंगांचा) प्रिव्ह्यू बघता येतो, जेपेग आणि टिफ तसे एक्सपोर्ट होतात, पण ऑफसेट छपाईला चार रंगांचं काम थेट त्यात बसून करायचं तर ते जमत नाही. जुने प्लगइन (वरून जोडायचे छोटे प्रोग्राम) ३.० साठी बदलून घेतल्याशिवाय बहुतेक चालत नाहीत. मराठी मात्र युनिकोडमध्ये टाईप करा, जोडाक्षरं व्यवस्थित येतात, फक्त जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टांतला मजकूर आधी कन्व्हर्ट करून घ्यावा लागतो, आणि ही कटकट कधीतरी सगळ्यांना करावीच लागणार आहे.

माझं म्हणणं डीटीपीचे क्लास चालवणाऱ्यांना आहे. पोराकडून फी घ्यायची, क्रॅक टाकलेल्या मशीनवर शिकवायचं आणि जाताना त्याच क्रॅकचा पेनड्राइव्ह हातात द्यायचा, हे आतातरी थांबवा. आतापर्यंत "जिंपमध्ये एकदा केलेलं परत बदलता येत नाही" हे कारण खरंच होतं, ते आता संपलं. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये जिंपचे धडे फुकट आहेत, पण ते फार जुन्या व्हर्जनचे, बेसिक कळायला ठीक आहेत, लेयर आणि फिल्टरचा भाग मात्र ३.० उघडूनच शिकवा.

आपला,
एक फ्लेक्स डिझायनर, कोल्हापूर