सेकंडहँड गाडी घेताय? टोकन देण्याआधी ती लिफ्टवर चढवा

मा. संपादक,

चवथ म्हणजे गणेश चतुर्थी जवळ आली की आमच्या गोव्यातल्या वाड्यावर दरवर्षी एक-दोन तरी सेकंडहँड गाड्या येतात, हार घालतात, नारळ फुटतो, पोरं आत बसून हॉर्न वाजवतात, आणि पुढच्या पावसाळ्यात त्यातलीच एखादी ताडपत्रीखाली उभी दिसते. परवा शेजारचा मुलगा विचारायला आला, काका साडेतीन लाखात गाडी मिळतेय, एकदम चकाचक, फक्त ३२ हजार किलोमीटर चाललीय, टोकन देऊ का? मी म्हटलं थांब रे बाबा, आधी ती गराजात लिफ्टवर चढवून खालून बघ. तर म्हणे डीलर टोकन घेतल्याशिवाय गाडी गेटबाहेर सोडत नाही. त्याचं हे वाक्य ऐकलं आणि मला मी २०१७ साली घेतलेली गाडी आठवली, म्हणून हे पत्र लिहितोय. मोठं झालंय, पण कोणाचे तरी दोन-तीन लाख वाचतील म्हणून छापाच.

तेव्हा मी किनारपट्टीवरच्या एका डीलरकडून २०१० ची हॅचबॅक घेतली होती. रंग आरशासारखा, सीट कव्हर नवी, मीटरवर ४१ हजार, आणि खालून डीलरने "अंडरकोटिंग करून दिलंय साहेब, गंजाचं टेन्शन नाही" असं सांगितलेलं. मला तेच आवडलं होतं. जूनचा पहिला मोठा पाऊस झाला आणि बायकोच्या पायाखालची मॅट ओली. आम्हाला वाटलं दाराच्या रबरातून पाणी येतंय, रबर बदललं, तरी ओली. शेवटी साखळी गावातल्या एका मेस्त्रीकडे नेली. त्याने गाडी लिफ्टवर घेतली, स्क्रूड्रायव्हर उलटा धरून लाकडी मुठीने दाराखालच्या पत्र्यावर ठोकत ठोकत मागे गेला. टण टण टण वाजत होतं ते मध्येच थप असं वाजलं. तिथे त्याने अंगठ्याने जरा दाबलं तर काळ्या कोटिंगचा तळहाताएवढा पापुद्रा निघून हातात आला आणि त्याच्या मागून तपकिरी भुगा खाली सांडला. "पळय, हांगा पत्रोच ना रे," एवढंच बोलला तो. खरंच पत्रा नव्हता, नुसतं डांबरासारखं कोटिंग उभं होतं. वेल्डिंग करून नवीन पत्रे बसवायला ३८ हजार गेले आणि तरी दोन वर्षांत गंज दुसरीकडून बाहेर आला, शेवटी मिळेल त्या भावात काढली.

इंजिन तिचं उत्तम होतं हो. तेच तर मला सांगायचंय. आपण गोयंकार सेकंडहँड गाडी बघायला गेलो की बॉनेट उघडतो, रेस देऊन आवाज ऐकतो, किलोमीटर बघतो. पण इंजिनाचं काम करता येतं, क्लच बदलता येतो, सस्पेन्शन नवीन बसतं. पत्रा सडला की मात्र गाडी गेली. आणि आपल्याकडे पत्रा सडायला सगळी सोय आहे, खारा वारा आहे, चार महिने धो धो पाऊस आहे, गाडी माडाखाली किंवा आंब्याखाली ओल्या पाचोळ्यावर उभी असते. जी गाडी रोज चोडण किंवा दिवाडीच्या फेरीबोटीतून ये-जा करते तिची चाकं भरतीच्या वेळी धक्क्याच्या उतारावर खाऱ्या पाण्यातून जातात, ते पाणी खालच्या पत्र्यावर उडतं आणि कोण रोज गोड्या पाण्याने खालून धुतो? त्यात पर्यटक भाड्याच्या गाड्या किनाऱ्यावर वाळूत घालतात हे तर आपण तुमच्याच पेपरात वाचतो. ती गाडी पण एक दिवस कोणाच्या तरी दारात "सिंगल ओनर" म्हणून येतेच ना.

रेंट-अ-कॅबची, म्हणजे स्वतः चालवायला भाड्याने मिळणाऱ्या गाडीची, काळी पाटी पिवळी अक्षरं ही नंतर प्रायव्हेट करून पांढरी होऊ शकते, त्यात बेकायदेशीर काही नाही, पण घेणाऱ्याला ते कळायला हवं. जुन्या इन्शुरन्स पॉलिसीची कॉपी मागा, त्यात गाडी कमर्शियल होती का ते कळतं. पांढऱ्या पाटीवरच चोरून भाड्याने दिलेली असेल तर कागदावर काहीच दिसत नाही, तिथे गाडीच बघावी लागते. ३२ हजार चाललेल्या गाडीचं ब्रेक पेडलचं रबर गुळगुळीत होत नाही, स्टिअरिंगचं चामडं चकचकीत होत नाही, ड्रायव्हर सीटची बाजू दबत नाही. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे, म्हणजे २३१९ असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. २०१८ ची गाडी, ३२ हजार किलोमीटर आणि चारही टायर गेल्या वर्षीचे, मग पहिले टायर इतक्यात संपले कसे हे विचारायचं. आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरात गाडीच्या नंबरवरून जुन्या सर्व्हिसची नोंद निघते, मालकाला सोबत घेऊन जा, प्रत्येक वेळी मीटरवर किती होते ते तिथे दिसतं. जो मालक सोबत यायला तयार नाही त्याची गाडी नकोच.

पुराचं पाणी शिरलेल्या गाडीबद्दल पण लिहितो कारण ते फार कमी लोक बघतात. २०१९ ला कोल्हापूर-सांगली, २०२१ च्या जुलैत चिपळूण पाण्याखाली गेलं, त्याच वेळी आपल्या सत्तरी-डिचोलीतही घरांत पाणी होतं. अशा गाड्या धुऊन पुसून विकल्या जातात. सीट बेल्ट पूर्ण शेवटपर्यंत बाहेर ओढा, जो भाग एरवी आत गुंडाळलेला असतो तिथे चिखलाची रेघ राहून जाते, ती कोणी धूत नाही. डिकीत स्टेपनी उचलून खालचा खड्डा बघा, कार्पेटचा कोपरा उचलून नाक लावा. सुगंधी स्प्रे फार मारलेला असेल तर मी तरी तिथूनच परत फिरेन.

आता कुठली घ्यावी. मला विचाराल तर गोव्यात रोजच्या वापराला साधी पेट्रोल गाडी, जिचे पार्ट म्हापशात, फोंड्यात, मडगावात कुठल्याही दुकानात मिळतात आणि जी गावातल्या मेस्त्रीला डोळे मिटून उघडता येते. डिझेल घेऊ नका असं नाही म्हणत, रोज चोर्ला घाट चढून बेळगावला जाणाऱ्याने जरूर घ्यावी, पण एप्रिल २०२० नंतरच्या बीएस ६ (धुराच्या प्रदूषणाचा नवा नियम) डिझेल गाड्यांना सायलेन्सरच्या लाइनमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो, ती काजळी जळायला गाडी बराच वेळ एका वेगात चालावी लागते. आपलं रोजचं चालणं डिचोली ते साखळी, नाहीतर पर्वरी ते पणजी, तो फिल्टर तुंबतो आणि बदलायचं बिल मोठं येतं. टायमिंग बेल्ट की चेन (इंजिनाचे आतले भाग एका तालात फिरवणारा पट्टा की साखळी) हे पण विचारा, जुन्या अल्टो ८०० ला बेल्ट आहे, के सिरीजच्या वॅगनारला चेन. बेल्ट असला म्हणून गाडी वाईट नाही, फक्त तो वेळेत बदलल्याचं बिल पाहिजे, नसेल तर घेतल्या घेतल्या बदलायचा. पंपावर आता ई२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, त्यासाठीचं मटेरियल एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांत आहे, त्याआधीची घेत असाल तर पेट्रोलच्या लाइनचे रबरी पाईप मेस्त्रीला हात लावून बघायला सांगा.

माझी आत्ताची गाडी वॅगनार आहे, २०१४ ची, २०१९ मध्ये फोंड्याच्या एका निवृत्त शिक्षकांकडून घेतली. मीटरवर ७१ हजार होते, दोन्ही बंपरवर ओरखडे, रंग थोडा मळलेला, शोरूममध्ये ठेवली असती तर मीच पुढे गेलो असतो. पण त्या सरांनी एक फाईल पुढे ठेवली, पहिल्या सर्व्हिसपासूनची सगळी बिलं तारखेवार लावलेली. मी सकाळी साडेसातला न सांगता गेलो होतो, मुद्दाम, इंजिन गार असताना चालू करून बघायचं म्हणून, गरम करून ठेवलेल्या गाडीचे आजार कळत नाहीत. बॉनेटला हात लावला, थंड होतं. एका चावीत चालू झाली, धूर नाही, ऑइलच्या झाकणाखाली पांढरा फेस नाही. मग सर स्वतः माझ्यासोबत मेस्त्रीकडे आले, लिफ्टखाली माझ्या बाजूला उभे राहून वर बघत होते. मेस्त्रीने तसंच स्क्रूड्रायव्हरने ठोकत नेलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच आवाज. आज १ लाख ४० हजार झालेत, क्लच, दोन बॅटऱ्या, एसीचा कंडेन्सर आणि आपल्या रस्त्यांमुळे खालचे सस्पेन्शनचे बुश एवढंच बदललंय, आणि दर ऑक्टोबरला पावसाळा संपला की मी खालून नुसत्या पाण्याने धुऊन घेतो, दाराखालची पाणी जायची भोकं काडीने मोकळी करतो.

कागदांचं थोडक्यात. आरसी म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र १५ वर्षांचं असतं, माझं २०२९ ला संपेल, पुढे गाडी तपासणीत पास झाली तर दर पाच वर्षांनी रिन्यू होते पण एप्रिल २०२२ मध्ये त्याची फी ६०० वरून ५००० झाली, म्हणून बारा-तेरा वर्षांची गाडी घेताना हा हिशोब किमतीत धरा. लोन असेल तर बँकेची एनओसी (ना हरकत पत्र), मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, आणि गाडी नावावर झालीय का ते स्वतः तपासा. विकणाऱ्यांनी पण तपासा. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये सांगितलंय की आरटीओत ज्याचं नाव आहे तोच मालक, अपघाताची भरपाई त्याच्यावर येते, गाडी कधीच विकली असली तरी.

शेवटी एक विनंती आहे, गोव्यातल्या सगळ्या सेकंडहँड डीलरांना. गिऱ्हाईकाला टोकन न घेता गाडी जवळच्या गराजात लिफ्टवर चढवून बघू द्या, तुमचा माणूस सोबत पाठवा, अर्ध्या तासाचं काम आहे, लिफ्टचे पैसे गिऱ्हाईक देईल. आणि वाहतूक खात्याने डीलरांना एवढं तरी सक्तीचं करावं की गाडी आधी भाड्याची होती का आणि खालून नवीन कोटिंग मारलंय का हे पावतीवर लिहून द्यायचं. शेजारच्या मुलाला मी रविवारी सकाळी सोबत येतो म्हणून सांगितलंय, डीलर अजून लिफ्टला हो म्हणाला नाही.

आपला,
एक वाचक, डिचोली