जुन्या ऑटोमॅटिकला जादा कूलर लावताना

संपादक महोदय,

चोर्ला किंवा आंबोली घाट चढताना जुन्या ऑटोमॅटिक गाड्यांचे गिअर ऑइल फार तापते. १२० अंशांच्या वर ते करपू लागते, सील कडक होतात, गिअर उशिरा पडतो. जादा कूलर हा उपाय चांगला, पण घाईत बसवला तर नवेच दुखणे. (एएमटी, म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सलाच आपोआप चालणारा क्लच जोडलेल्या गाड्यावाल्यांनी या फंदात पडू नये.)

गिअर ऑइल थंड व्हायला रेडिएटरमधून फिरून येते. जादा कूलर रेडिएटरमधून गिअरबॉक्सकडे परतणाऱ्या लाइनवर हवा. ती ओळखायला रेडिएटरचा एक जोड सोडा, दोन्ही तोंडांखाली बाटली धरा, गिअर ‘पार्क’मध्ये ठेवून इंजिन दोन-तीन सेकंदच चालवा. तेल रेडिएटरच्या तोंडातून आले तर सोडलेली नळी परतीची.

कूलर एसी कंडेन्सरच्या (रेडिएटरपुढच्या एसीच्या जाळीच्या) पुढे, पट्टीच्या ब्रॅकेटवर बसवावा. जाळीतून आरपार घालायच्या प्लास्टिक पिना आपल्या खड्ड्यांत घासून कंडेन्सरला भोक पाडतात, गॅस जातो. रबरी पाइप ट्रान्समिशन ऑइलचाच घ्या. साधा पाइप गरम तेलाने फुगतो. तो धातूच्या नळीवर किमान इंचभर चढावा, क्लॅम्प नळीच्या फुगवट्यामागे यावा. कापलेल्या गुळगुळीत टोकावरून पाइप निसटतो आणि भर घाटात तेल रिकामे होते.

नंतर साधारण अर्धा लिटर तेल जादा लागते. पातळी मॅन्युअलप्रमाणेच तपासा. तेल दुधाच्या चहासारखे दिसले तर रेडिएटरचे पाणी आत शिरले आहे. मग आधी रेडिएटर बदला, कूलर नंतर.

– एक मोटार मेकॅनिक, खानापूर