फोनवर जमत नाही म्हणून लिहितेय

प्रिय आई-बाबा,

फोनवर आपलं ठरलेलंच असतं. आई विचारते बरी आहेस ना, मी म्हणते हो मस्त, बाबा मागून ओरडतात वेळेवर झोप म्हणावं, झालं, फोन बंद. तर मागचे चार महिने मी मस्त वगैरे काही नव्हते. झोप लागायची नाही, मीटिंगमध्ये सगळे हसले की मी जरा उशिरा हसायचे कारण विनोद डोक्यात शिरायलाच वेळ लागायचा, आणि दिवसभर असं केलं की संध्याकाळी कुणाशी बोलायची ताकदच उरायची नाही. मोठं काही झालेलं नव्हतं, म्हणून तर सांगायला लाज वाटली.

शेवटी इथे परदेशात एका काउन्सेलरकडे गेले (आई, लगेच रडू नकोस, आता बरी आहे). तिनं विचारलं, आधी टेन्शन आलं की काय करायचीस? मी म्हटलं काहीच नाही. घरी येताना आठवलं, काहीच नाही कसं, परीक्षेच्या दिवसांत मी पुस्तक घेऊन आई असेल त्या खोलीत येऊन बसायचे, ती काही विचारायची नाही, मी काही सांगायचे नाही, बाबांचा पेपर चालू, आणि अर्ध्या तासात डोकं शांत. इथे ती खोलीच नाही ना.

मग वाचत बसले, ही सवय बाबांचीच. शेली टेलर, हीजंग किम वगैरेंनी 2007 मध्ये अमेरिकेतला एक प्रयोग छापलाय. टेन्शनच्या कामाआधी काही जणांना आपल्या जवळच्या माणसांबद्दल नुसतं लिहायला सांगितलं, आणि काहींना जवळच्या माणसाकडे मदत, सल्ला मागणारं पत्र. आशियाई वंशाच्या लोकांना पहिल्या प्रकारानं बरं वाटलं आणि पत्रानं उलट ताण वाढला, लाळेतलं कॉर्टिसोल (ताण आला की वाढणारं हार्मोन) सुद्धा जास्त. युरोपियन वंशाच्यांचं नेमकं उलटं. आपण मागितलं की समोरच्याला काळजी लागेल, हीच आपली काळजी असते म्हणे. आणि बघा, मी आत्ता पत्रच लिहितेय!

कॅनडातले जॉन बेरी म्हणून मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे नवीन ठिकाणचं घेऊन आपलंही जपणाऱ्यांना सहसा त्रास कमी होतो, पण त्याला तिथल्या समाजानंही जागा द्यावी लागते. मला हे दुसरं वाक्य जास्त पटलं, कारण सगळे मलाच सांगतात, तू अ‍ॅडजस्ट कर.

इथे चेहरा बघून कुणी ओळखत नाही, बोलावंच लागतं. पहिल्यांदा बॉसला म्हटलं की हे मला या आठवड्यात जमणार नाही, तेव्हा आवाज थरथरत होता, आणि तो मान वरही न करता म्हणाला बरं, पुढच्या आठवड्यात दे. एवढंच! मी तीन रात्री जागले होते त्यासाठी. मग सवयच लागली. आणि ती सवय घेऊन मी घरी आले, आईला सरळ म्हटलं मला आत्ता सल्ला नकोय, आणि ती दिवसभर गप्प होती. आई, तिकडे ते उद्धट वाटतं हे मी विसरलेच होते गं. सॉरी.

पण तुम्ही तरी काय वेगळं करता? बाबा पडले ते मला तीन आठवड्यांनी कळलं, तेसुद्धा काकूच्या तोंडून. मला काळजी नको म्हणून ना? आता प्रत्येक फोनला वाटतं, आज काय लपवलंय.

तर एक मागणं आहे, सल्ला नकोय. रविवारी व्हिडिओ कॉल लावून फोन कुठेतरी टेकवून ठेवा आणि तुमचं काय ते चालू द्या. बाबा पेपर वाचा, आई तू तुझं कर. मी इकडे माझं काम करत बसेन. कुणी काही विचारायचं नाही, तासभर तरी. चार्जर लावून ठेवा, मागच्या वेळी मध्येच बंद पडला होता.

तुमची,
मनू

ता.क. बाबा, गुडघ्याचा रिपोर्ट आला असेल तर त्याचा फोटो पाठवा, 'ठीक आहे' असं लिहून पाठवू नका.