सर्किट हाताशी होते म्हणून पेडल वाचले

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेली ३८ वर्षे मी पुण्यात रेडिओ, टेपरेकॉर्डर आणि ऑर्केस्ट्रावाल्यांचे अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करतो. गेल्या महिन्यात एक ज्येष्ठ गिटारवादक त्यांचे गुलाबी रंगाचे बॉस कंपनीचे डीएम-२ डिले पेडल, म्हणजे गिटारच्या आवाजाला प्रतिध्वनी जोडणारी, पायाने दाबायची छोटी पेटी, घेऊन आले. १९८०च्या दशकातले, जपानी. गिटारचा मूळ आवाज येत होता, मागून येणारा प्रतिध्वनी मात्र पूर्ण बंद. दोन ठिकाणी त्यांना ‘आयसी (आतली चिप) उडालाय, आता मिळत नाही, भंगारात द्या’ असे सांगितले होते. त्यांनी ऑनलाइन दोन आयसी मागवलेही. वर मूळ आयसीचाच एमएन ३००५ हा नंबर छापलेला. अ‍ॅसिटोनचा बोळा फिरवताच ती अक्षरे निघाली आणि खाली दुसराच नंबर दिसला.

स्लॅब टाकताना मजूर रांगेत उभे राहून घमेली हातोहात पुढे देतात, तसा मूळ एमएन ३००५ आयसी चालतो. आत ४०९६ टप्पे असतात आणि आवाज एका कपॅसिटरमधून (विद्युतभार साठवणाऱ्या भागातून) पुढच्यात सरकत जातो. सरकण्याचा ठेका एमएन ३१०१ हा दुसरा आयसी धरतो. ठेका संथ केला की प्रतिध्वनी उशिरा येतो, या पेडलमध्ये फार तर ३०० मिलिसेकंदांनी, आणि त्याची धार बोथट होते. हा मऊपणा डिजिटलमध्ये मिळत नाही, असे ते गिटारवादक म्हणाले. नंतर ऐकल्यावर मलाही पटले.

कंपनीने त्या काळी काढलेल्या सर्व्हिस नोट्सची प्रत माझ्याकडे होती. त्यातले सर्किट, म्हणजे आतल्या जोडणीचा नकाशा, समोर ठेवून स्कोप (विजेच्या लाटा पडद्यावर दाखवणारे यंत्र) लावला. ठेका चालू, आयसीपर्यंत आवाज पोचतोय, बाहेर काही नाही. या आयसीला आवाज पुढे नेण्यासाठी एक ठरावीक स्थिर व्होल्टेज लागते, त्याला बायस म्हणतात. ते एका छोट्या प्रीसेटमधून, म्हणजे स्क्रूड्रायव्हरने फिरवून व्होल्टेज कमी-जास्त करायच्या भागातून, येते. प्रीसेटच्या सरकत्या टोकाला गंज चढला होता, त्यामुळे व्होल्टेज आयसीच्या पायापर्यंत पोचतच नव्हते. पासोड्या विठोबाजवळच्या दुकानातून नवा प्रीसेट आणला, सुकलेले सहा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलले आणि स्कोपवर लाट वरून-खालून सारखी कापली जाईल असा बायस लावला. मूळ आयसी ठणठणीत निघाला.

सर्किट नसते तर मीही आयसीलाच दोष दिला असता. पूर्वी कित्येक रेडिओंच्या मागच्या पुठ्ठ्यावर सर्किट चिकटवलेले असे. आज माझ्याकडे येणाऱ्या काही नव्या पेडलांत आयसीचे नंबर घासलेले असतात, काहींच्या बोर्डवर चक्क काळे इपॉक्सी (वाळून दगडासारखे घट्ट होणारे रसायन) ओतलेले असते. हे पाहून मला फार वाईट वाटते.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली, पोर्टलही सुरू केले. शेती अवजारे, मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणे आणि वाहने ही चार क्षेत्रे त्यात घेतली. पाऊल चांगलेच आहे. माझी विनंती एकच आहे: निदान वॉरंटी संपल्यावर तरी प्रत्येक उपकरणाचे सर्किट आणि प्रीसेट लावण्याची रीत सर्वांसाठी खुली करणे कंपन्यांना बंधनकारक करावे. आयटीआयची मुले माझ्याकडे शिकायला येतात. त्यांचा हात चांगला आहे, मीटरही नीट वापरतात. पण समोर सर्किट नसेल तर त्यांनी प्रोब लावायचा कुठे?

– एक रेडिओ-टीव्ही मेकॅनिक, पुणे