थांबल्यावर जाते, म्हणूनच दाखवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

हृदयविकारावरच्या लेखासोबत बहुधा छाती धरून कोसळणाऱ्या माणसाचे चित्र असते. हा रोग मात्र त्याआधी कित्येक वर्षे रक्तवाहिन्यांत मुक्काम ठोकून असतो आणि पुष्कळांना आगाऊ सूचनाही देतो. ती सूचना ऐकू का येत नाही, याविषयी थोडे.

जिना चढताना किंवा भरभर चालताना छातीत आवळल्यासारखे, दाटल्यासारखे होते. थोडा वेळ थांबले की ओसरते. ओसरले म्हणजे काही नाही, 'गॅस असेल', असे म्हणून माणूस पुन्हा चालू लागतो. गफलत नेमकी इथे होते. विल्यम हेबर्डन या इंग्रज डॉक्टरांनी १७६८ साली या दुखण्याचे वर्णन केले, तेव्हा ईसीजी नव्हता की अँजिओग्राफी. चालताना, त्यातही चढावर आणि जेवणानंतर येते, उभे राहिले की जाते, एवढ्यावरून त्यांनी ते ओळखले. श्रमात हृदयाच्या स्नायूला जास्त रक्त लागते आणि अरुंद झालेली धमनी ते पुरवू शकत नाही. विश्रांतीत मागणीच कमी, त्यामुळे तक्रारही नाही. शांत पडून काढलेला ईसीजी म्हणूनच अनेकदा नॉर्मल येतो, आणि तो कागद फाइलला लावून लोक निर्धास्त होतात! डॉक्टरांना कागदाबरोबर जिन्याची हकिगतही सांगायला हवी.

हेच दुखणे पूर्वीपेक्षा कमी श्रमात किंवा बसल्याजागी येऊ लागले, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. विश्रांती घेऊनही थांबत नसेल, सोबत घाम, मळमळ, जबड्यात किंवा हातात कळ असेल, तर ॲम्ब्युलन्सच बोलवावी. स्वतः गाडी चालवत निघू नये. रक्तपुरवठा पूर्ण तुटला की अर्ध्या तासाच्या आतच स्नायू मरू लागतो.

मधुमेही, वृद्ध आणि स्त्रियांमध्ये छातीत न दुखता नुसता दम किंवा विलक्षण थकवा येऊ शकतो. (बायकांच्या थकव्याला घरात लक्षण मानतच नाहीत, तो स्वतंत्र पत्राचा विषय.) काहींना तर कसलीच सूचना मिळत नाही. धमनी फारशी अरुंद नसतानाही आतला चरबीचा थर फुटतो, त्यावर गुठळी धरते आणि पहिला त्रास हाच थेट झटका ठरतो. तंबाखू, रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉलकडे त्रास नसतानाही पाहायचे ते यासाठी.

आपल्या आरोग्य पुरवणीत कोसळणाऱ्या माणसाऐवजी एकदा जिन्यात मध्येच थांबलेला माणूस छापावा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक