सहीची घाई नको: नाशिकरोडला आई-बाबांना पत्र

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली त्या फुटबॉलपटू मुलाच्या नव्या कराराची सगळी पानं मी, खेळाडूंची एजंट म्हणून, दोनदा वाचली. उत्तर आधी सांगते, कारण त्या मुलाचे वडील रोज संध्याकाळी तुमच्याकडे येऊन बसतात असं आई म्हणाली. त्याने या कागदावर, आहे तसा, सही करू नये. पगार कमी आहे म्हणून नव्हे. पगार त्याच्या वयाला ठीक आहे. मुदत आणि अटी वाईट आहेत, आणि २० वर्षांच्या मुलाचं नुकसान पगारापेक्षा त्यांनीच जास्त होतं.

मुलाचं आणि क्लबचं नाव या पत्रात मी मुद्दाम लिहीत नाही. तुम्हीही बाहेर घेऊ नका. बोलणी चालू असताना नावं फिरली की मुलाचीच अडचण होते.

त्याच्या वडिलांची भीती मला कळते. जेल रोडवर कुणाचा करार संपला म्हणजे त्याचं काम सुटलं असाच अर्थ घेतात, आणि कंत्राटी कामगारांच्या बाबतीत तो खराही असतो. फुटबॉलमध्ये मात्र करार संपायची तारीख हीच खेळाडूची ताकद असते. करार चालू असताना दुसऱ्या क्लबला तो हवा असेल, तर आधी सध्याच्या क्लबला बदलीची रक्कम मोजावी लागते. करार संपला की ही रक्कम उरत नाही. नव्या क्लबचे वाचलेले पैसे खेळाडूला पगारात किंवा सही करताना मागता येतात. शिवाय करार संपायला सहा महिने उरले की त्याला दुसऱ्या क्लबशी उघडपणे बोलता येतं. त्या क्लबने सध्याच्या क्लबला तसं लेखी कळवायचं, एवढंच बंधन आहे. या मुलाचा सध्याचा करार ३१ मेला संपतो. म्हणजे १ डिसेंबरपासूनच तो बोलायला मोकळा आहे, आणि हे त्याला आजवर कुणी सांगितलेलं नाही. त्याचा क्लब आत्ता, मार्चमध्ये, सहीची घाई करतोय ती यामुळेच.

बाबा, हा हक्क खेळाडूंना कुणी आपणहून दिलेला नाही. इंग्लंडमध्ये १९६१ सालापर्यंत फुटबॉलपटूच्या पगाराला आठवड्याला २० पौंडांची कमाल मर्यादा होती. खेळाडूंच्या युनियनने संपाची नोटीस दिली तेव्हा ती उठली. त्या वेळी युनियनचा अध्यक्ष जिमी हिल हा स्वतः खेळाडूच होता. पण करार संपल्यावरही क्लब खेळाडूला अडवून ठेवू शकत होता, ते चालूच राहिलं. न्यूकॅसलच्या जॉर्ज ईस्टहॅमने दुसरीकडे जायचं म्हटल्यावर क्लबने नकार दिला. त्याने खेळणं थांबवलं, काही महिने बूच विकायची नोकरी केली आणि युनियनच्या पाठबळावर खटला लढवला. १९६३ मध्ये न्यायालयाने सांगितलं की खेळाडूला असं अडवून ठेवणं गैर आहे.

तरीही करार संपलेल्या खेळाडूसाठी पैसे मागायची पद्धत युरोपात राहिलीच. १९९० साली बेल्जियममध्ये जाँ-मार्क बोसमनचा करार संपला. त्याच्या क्लबने, लिएजने, महिन्याच्या १,२०,००० फ्रँकवरून थेट ३०,००० फ्रँकवर यायला सांगितलं. म्हणजे पगार पावपट. फ्रान्समधला डंकर्कचा क्लब त्याला घ्यायला तयार होता, पण पैशांच्या व्यवहारावरून ते फिसकटलं. ना इथे खेळता येतंय, ना तिथे. तो कोर्टात गेला आणि १५ डिसेंबर १९९५ ला युरोपियन न्यायालयाने निकाल दिला: करार संपल्यावर युरोपियन युनियनमधल्या देशाच्या खेळाडूला युनियनमधल्याच दुसऱ्या देशात जाण्यासाठी कुणी पैसे मागू शकत नाही. त्या निकालावर पुढच्या पिढ्यांनी कोट्यवधी कमावले. बोसमनची स्वतःची कारकीर्द मात्र त्या पाच वर्षांत संपली आणि नंतरचे दिवस हालाखीत गेले. प्रत्येक वाटाघाटीआधी मला त्याची आठवण होते. आज जो हक्क आपण गृहीत धरतो, त्याची किंमत एका साध्या मिडफिल्डरने भरलेली आहे. आणि आपल्या देवळालीच्या मैदानावर घडलेल्या मुलाने तो न वापरता सोडून द्यावा, हे मला पटत नाही.

आता कागदाकडे येते. आई, तू बाबांना हे वाचून दाखवशील तेव्हा पानं शेजारी घेऊन बस.

कलम ९ पाहा. करार दोन वर्षांचा. पण संपायच्या ३० दिवस आधी क्लबने कळवलं, तर त्याच पगारावर आणखी दोन वर्षं वाढेल. मुलाला मात्र असा कुठलाच अधिकार नाही. म्हणजे तो चांगला खेळला तर चार वर्षं अडकला, आणि वाईट खेळला तर दोन वर्षांत बाहेर. वाढलेली दोन वर्षं संपतील तेव्हा तो २४ चा असेल आणि पगार २० व्या वर्षाचा. देशोदेशींच्या वादांत अशी एकतर्फी वाढ फिफाच्या, म्हणजे जागतिक फुटबॉल महासंघाच्या, न्यायाधिकरणापुढे अनेकदा टिकलेली नाही. पण या मुलाने तिथवर जावंच का? वाढ हवी असेल तर दोघांच्या संमतीने, आणि पगार किती वाढणार तो आकडा आजच लिहून. नाहीतर ते कलम काढा.

कलम ४ म्हणतं, सही झाल्यावर वैद्यकीय तपासणी होईल आणि त्यात नापास झाल्यास करार रद्द. हे फिफाच्या नियमावलीतच बसत नाही. तपासणी काय करायची ती सहीच्या आधी करा. एकदा सही झाली की तपासणीच्या निकालावर करार लटकत ठेवता येत नाही.

सगळ्यात जास्त काळजी मला कलम ६ ची वाटते, आणि तिकडे कुणाचंच लक्ष गेलेलं नाही. पगाराची रक्कम आहे, तारीख नाही. महिन्याच्या कितव्या दिवशी पैसे जमा होणार हे अख्ख्या करारात कुठेही लिहिलेलं नाही. बाबा, तुम्हाला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. फिफाच्या नियमांत खेळाडूला एक मोठं संरक्षण आहे: दोन महिन्यांचा पगार थकला, तर क्लबला निदान १५ दिवसांची लेखी नोटीस द्यायची, आणि तरीही पैसे आले नाहीत तर खेळाडू करार मोडून मोकळा होऊ शकतो. पण देय तारीखच लिहिलेली नसेल, तर पगार थकला कधी, यावरूनच वाद सुरू होतो. थकबाकी फक्त गरीब क्लबांत होते असं समजू नका. २०२२ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात तीन गोल करूनही हरलेला एम्बापे आठवतो ना, आईला त्याचं फार वाईट वाटलं होतं? तो २०२४ मध्ये करार संपवून पॅरिसहून माद्रिदला गेला, तेव्हा पॅरिसच्या क्लबकडे साडेपाच कोटी युरो थकल्याचा दावा त्याला करावा लागला. त्याच्यामागे वकिलांची फौज होती. आपल्या मुलाच्या मागे ही एक तारीख तरी असू दे.

कलम ११ मध्ये सहा आठवड्यांपेक्षा लांबलेल्या दुखापतीला निम्मा पगार आहे. गुडघ्याचं लिगामेंट तुटलं तर पुन्हा मैदानात यायला सहा ते नऊ महिने सहज लागतात. तो डाव्या बाजूचा बचावपटू आहे, सामनाभर वर-खाली धावणारा. क्लबसाठी खेळताना झालेल्या दुखापतीत पूर्ण पगार, शस्त्रक्रिया आणि त्यानंतरचा फिजिओचा खर्च क्लबचा, मग मधेच करार संपला तरीही, असं लिहून घ्यायचं. बाकीची कलमं नेहमीची आहेत.

पगाराचा हिशेबही सांगते. महिना ७०,००० दिसतात, पण ते दहा महिनेच. म्हणजे वर्षाला ७ लाख, बारा महिन्यांत वाटले तर महिना ५८ हजारांच्या आसपास, आणि त्यातून कर कापला जाईल. घरभाडं कुणाचं, तेही लिहिलेलं नाही.

बाबा, तुम्ही फोनवर म्हणालात की भारतात फुटबॉलचीच अवस्था वाईट आहे, मिळतंय ते घ्यावं. अवस्था वाईट आहे हे खरंच. २०२५ च्या जुलैमध्ये आयएसएलचा, म्हणजे देशातल्या सर्वोच्च फुटबॉल लीगचा, हंगाम स्थगित झाला, कारण भारतीय फुटबॉल महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला १५ वर्षांचा करार डिसेंबरमध्ये संपत होता आणि पुढचं काही ठरलेलं नव्हतं. काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबवले. हंगाम सुरू व्हायला फेब्रुवारी २०२६ उजाडला. त्या महिन्यांत रात्री अकरा-अकराला खेळाडूंचे फोन यायचे. घराचे हप्ते थकलेले, सराव कुठे करायचा माहीत नाही. पण या सगळ्यातून मी नेमकं उलटं शिकले. बाजार पडलेला असताना आकड्यात झुकावं, अटींत झुकू नये. ७० चे ६० हजार झाले तरी चालतील. कलम ६ आणि ९ दुरुस्त झाली तर याच क्लबमध्ये, कमी पैशातही, त्याने आनंदाने सही करावी असं माझं मत आहे.

थांबण्यात धोका नाही असं मी म्हणत नाही. १ जूनपासून त्याला पगार नसेल आणि सरावात लागलं तर उपचार घरच्या पैशाने होतील. म्हणून मे संपायच्या आत त्याचा अपघात आणि आरोग्य विमा काढायला सांगा, आणि खेळातली दुखापत त्यात धरली आहे ना, हे विचारून घ्यायला सांगा. सराव मात्र सुटता कामा नये. सकाळी गोल्फ क्लबवर धावणं आणि देवळालीच्या पोरांबरोबर खेळणं जूनभर चालेल. नोंदणीची मुदत उलटली तरी, त्याआधीच करार संपलेल्या खेळाडूला नंतर घेता येतं, त्यामुळे एका तारखेवर सगळं संपत नाही. आणि क्लबच्या माणसाने त्याला जे सांगितलं, की २३ च्या आतल्या मुलाला घ्यायचं तर त्याला घडवणाऱ्या क्लबांना प्रशिक्षणाची भरपाई द्यावी लागते म्हणून कुणी घेणार नाही, त्यातला पहिला भाग खरा आहे. दुसरा नाही. तो हिशेब क्लब आपापसात बघतात आणि अशी मुलं दरवर्षी क्लब बदलतात.

आता माझ्याबद्दल. बाबा, मागे तुम्ही म्हणालात की खेळाडूच्या कमाईतून टक्का घेणं म्हणजे दलालीच. ते मला लागलं, कारण हे काम मी तुमच्याकडूनच शिकले. तुमची सगळी नोकरी नोटप्रेसमध्ये गेली. वेतन कराराच्या आधी युनियनच्या मागणीपत्राचे मसुदे आपल्या जेवणाच्या टेबलावर पसरलेले असायचे, आई महागाई भत्त्याची बेरीज तपासायची आणि तुम्ही एकेक ओळ मोठ्याने वाचून विचारायचा, यातून मॅनेजमेंटला पळवाट कुठे आहे? मी तेच करते. फरक एवढाच की तुमच्या मागे अख्खी गेट मीटिंग उभी असायची. भारतात खेळाडूंची संघटना आहे, पण सगळ्या खेळाडूंना लागू होईल असा सामूहिक करार नाही. प्रत्येक मुलगा एकटा आत जातो. समोर क्लबचा मॅनेजर, वकील, अकाउंटंट. त्याच्या बाजूने तो कागद आधी वाचलेलं कुणीतरी असायला हवं.

टक्क्याचंही स्पष्ट सांगते. एजंटच्या परवान्यासाठी फिफाची परीक्षा द्यावी लागते: तासाभरात २० प्रश्न, ७५ टक्क्यांना पास. लहान पगाराच्या खेळाडूकडून ५ टक्क्यांपेक्षा जास्त घेऊ नये अशी मर्यादा फिफाने आणली होती, ती युरोपातल्या कोर्टकज्ज्यांत अडकली. मी तीच मर्यादा पाळते, आणि खेळाडूच्या हातात पगार पडल्यावरच माझा टक्का घेते. त्याचा पगार थकला तर माझाही थकतो. या मुलाकडून मी काही घेणार नाही, पण ते नाशिकरोडचं नातं म्हणून. इतरांकडून घेते आणि त्यात मला कमीपणा वाटत नाही.

तर एवढं करा. मुलाला म्हणावं, क्लबला नकार द्यायचा नाही. ‘कलम ४, ६, ९ आणि ११ बद्दल लेखी सूचना पाठवतो’ एवढंच ईमेलवर कळवायचं, फोनवर काही कबूल करायचं नाही. मसुदा मी उद्या पाठवते. माझ्याशी लेखी करार झाल्याशिवाय त्याच्या वतीने मी क्लबशी बोलू शकत नाही, म्हणून तोही कागद सोबत येईल. तो त्याने दुसऱ्या कुणालातरी दाखवून मगच त्यावर सही करावी. आणि बाबा, तुम्ही मॅनेजरला फोन करायचं म्हणत होतात, तो कृपा करून करू नका.

कुंभाच्या कामांसाठी रस्ते खोदलेत असं आई सांगत होती, तेव्हा अंधार पडल्यावर स्कूटर काढू नका. डोळ्यांचे थेंब वेळेवर घाला. रविवारी संध्याकाळी सातनंतर मुलाला आणि त्याच्या वडिलांना घरी बोलावून ठेवा, मी व्हिडिओ कॉल करते. वडिलांनी जरूर ऐकावं, पण प्रश्न मुलाने विचारायचे. करार त्याचा आहे.

तुमची लेक